बोंबीलची चाहूल

पास्कल अंकल येताना मला कधी ऐकू आले नाहीत. ते आले आहेत हे आल्यावर कळायचं. सहा फूट उंची, नव्वद किलो वजन, पायात कारखान्याचे जाडजूड बूट, आणि चालणं असं की शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागू नये. भाईंदरच्या गोडदेवला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता, तिथे ते स्टोअर सांभाळायचे आणि मी डिस्पॅचला होते. दोन हजारच्या दशकातली मधली पाच-सहा वर्षं आम्ही एका पत्र्याखाली काढली. तेवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी "डिस्पॅच", वॉचमन "गेट", मालक "ऑफिस" आणि ते स्वतः "स्टोर". "आज स्टोर लवकर जेवनार हाय," असं ते स्वतःबद्दल अगदी गंभीरपणे सांगायचे.

एवढं हलकं कसं चालता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "होडीत धपाधप पाय आपटला की बापूस कानफटात द्यायचा. मासा पळतो ना." उत्तनच्या पुढचं चौक हे त्यांचं गाव. नाव ऐकून नवीन माणूस "कुठला चौक?" असं विचारतो आणि ते दर वेळी तितक्याच शांतपणे "गाव हाय ते" असं सांगायचे. पस्तिशीपर्यंत ते समुद्रावर होते. मग गुडघा गेला, होडी भावाकडे गेली आणि ते बस पकडून भाईंदरला नोकरीला येऊ लागले. समुद्र सुटल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण स्टोअरला खिडकी नव्हती आणि ते दिवसातून दोनदा गेटपर्यंत जाऊन नुसतं आभाळ बघून परत यायचे, हे मी पाहिलं आहे.

आमच्या खेळात ते आले ते माझ्यामुळे, आणि आयुष्यात मी जी दोन-चार शहाणपणाची कामं केली त्यात हे मी सगळ्यात वर ठेवते.

तो खेळ काय होता ते आधी सांगायला हवं. जवळच्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीत शिरीष आणि मेधावहिनी राहायचे. शिरीष माझा लांबचा मावसभाऊ, विमा कंपनीत नोकरीला. कंपनीने एकदा त्याला ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवलं. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, याने एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा आणला. खेळ असा की एकाने मास्टर व्हायचं आणि गोष्ट सांगायची: किल्ला, जंगल, राक्षस, खजिना. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं. जमेल की फसेल ते फासा ठरवणार. टेबलावर पट नाही, सोंगट्या नाहीत, पडदा नाही. जे काही आहे ते बोलण्यात आणि ऐकण्यात. दर रविवारी दुपारी तीन ते सात आम्ही त्या हॉलमध्ये बसायचो. शिरीष मास्टर, मेधावहिनी तलवारवाली, मी वैद्य, आणि समोरच्या फ्लॅटमधला अन्वर, जो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, तो जादूगार. त्याच्या जादूगाराचं नाव शमशेर.

एकदा मी जेवणाच्या सुट्टीत त्या पुस्तकातले नियम वहीत उतरवून घेत होते. मागून आवाज आला, "यात लपायचं पन हाय?" मी दचकून पेन खाली पाडलं. पास्कल अंकल मागे उभे होते, किती वेळ ते त्यांनाच ठाऊक. मी म्हटलं, आहे की. चोराचं पात्र घेतलं तर लपता येतं, दबक्या पावलांनी जाता येतं. त्यांनी ते पान दोनदा वाचून घेतलं. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन ते बेव्हर्ली पार्कला हजर झाले.

शिरीषने विचारलं, "पात्र कोणतं?"

"चोर."

"नाव?"

अंकलनी मेधावहिनींच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "बोंबील. नावापुरता काटा हाय, कुठूनबी निसटतो."

आम्ही हसलो. पुढचे दोन तास आम्ही हसलो नाही.

गोष्टीत त्या दिवशी आम्हाला एका किल्ल्यात शिरायचं होतं. दारावर पहारेकरी. आम्ही तिघं नेहमीप्रमाणे "मी खांबामागे लपते", "मैं अंधेरे में सरकता हूँ" असं सुरू झालो.  अंकलनी मात्र एक प्रश्न विचारला, "पहारेकरी जेवला का?"

शिरीष गडबडला. असलं काही त्याने ठरवलेलंच नव्हतं. म्हणाला, "हो, आत्ताच जेवला."

"मग बोंबील डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दारातनं सरळ आत जातो."

"सरळ? मग लपण्यासाठी फासा टाका."

"लपलोच कुठं? मी तर दिसतोय. मासळीची टोपली घेऊन जानाऱ्याकडं जेवलेला मानूस बघत न्हाय. नाक फिरवतो, डोळे पन तिकडंच जातात." आणि अगदी साध्या आवाजात पुढे म्हणाले, "बसमध्ये रोज बघतो मी."

शिरीष नियमांच्या बाबतीत भारी काटेकोर. त्याने पाऊण तास ते पुस्तक उलटंपालटं केलं. दिसत असूनही न दिसणाऱ्या माणसासाठी त्यात नियम नव्हता. बोंबील किल्ल्यात गेला, आणि आतून मागचं दार उघडून आम्हाला आत घेतलं. "लपनं म्हंजे अंग चोरनं न्हाय," चहा पिताना अंकल मला म्हणाले, "समोरचा कुठं बघतोय ते आपन बघायचं." मी ते वहीत लिहून ठेवलं. पुस्तकातल्या सगळ्या नियमांपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडलं, ऑफिसमध्येसुद्धा.

आमच्या टेबलावरची भाषाही त्यांनीच बदलली. पुस्तकात एक नियम होता, अचानक हल्ल्याचा, इंग्रजीत "सरप्राइज". ज्यांना शत्रूचा सुगावा लागला नाही, त्यांना पहिल्या फेरीत काहीच करता येत नाही. शिरीषने मेधावहिनींसाठी शब्दकोशात बघून त्याचं भाषांतर केलं होतं, "आश्चर्य". त्यामुळे आमच्याकडे दरोडेखोर झाडीतून उडी मारायचे आणि शिरीष जाहीर करायचा, "मेधाला आश्चर्य वाटलं आहे." मग वहिनींनी तोंडाचा आ करून एक फेरी बसायचं. वर्षभर आम्ही हा प्रकार कुणीही न हसता केला, हे आज खरं वाटत नाही.

अंकलनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कप खाली ठेवला. "आश्चर्य ताजमहाल बघून वाटतं. हा धप्पा हाय."

धप्पा! लपाछपीत राज्य असलेल्याच्या पाठीत मागून येऊन थाप मारतात तो. सगळ्यांना एकदम पटलं. त्या दिवसापासून आमच्याकडे अचानक हल्ल्याला धप्पा आणि सुगावा लागण्याला चाहूल. धप्पा बसला की डोक्यावर हात ठेवून एक फेरी तोंड बंद. मेधावहिनींना हात ठेवणं जमायचं, तोंड बंद जमायचं नाही. शिरीषचा फासा एका रविवारी वहिनींच्या केरसुणीबरोबर गेला तो गेलाच, तेव्हा अंकल घरून हाऊजीचे लाकडी आकडे घेऊन आले, एक ते वीस, खणाच्या पिशवीत. लपणाऱ्याने एक काढायचा, पहाऱ्यावरच्याने एक काढायचा, मोठा आकडा जिंकला. शिरीषने पुस्तकात बघून याला परवानगी दिली.

आणखी एक गोष्ट. धप्पा बसलेल्या माणसावर वार केला तर दुप्पट इजा होते, असा नियम होता. चोराचं पात्र लोक घेतात ते त्याचसाठी. बोंबीलने इतक्या वर्षांत एकदाही तसा वार केला नाही. तो मागून जायचा आणि किल्ली काढून घ्यायचा, किंवा दोन पहारेकऱ्यांच्या शेल्यांची टोकं एकमेकांना बांधून ठेवायचा. अन्वर कळवळून म्हणायचा, "अंकल, एक बार तो मारो! डबल है, डबल!" अंकल मान हलवायचे. "ज्याला आपली चाहूल न्हाय त्याला मारून काय मिळवायचं?" आमच्यापैकी बाकी सगळ्यांनी आनंदाने पाठीत वार केले, हे मी कबूल करते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते.

स्टोअरमध्ये अंकलच्या टेबलासमोर मांडणी होती आणि तिच्यावर पॉलिश केलेली मोठी ताटं उभी करून ठेवलेली असायची. एका मंगळवारी माल कमी पडला म्हणून मी ती सगळी ताटं उचलून पॅकिंगला दिली. दुपारी मालाचं चलान घेऊन स्टोअरमध्ये गेले. अंकल दाराकडे पाठ करून बसले होते. मी हाक मारली, "अंकल." पुन्हा मारली. मग जाऊन खांद्याला हात लावला, तर तो एवढा मोठा माणूस खुर्चीतून उडाला. चेहरा पांढराफटक. जो माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला की मी दचकायची, त्याला मी दचकवलं होतं.

त्यांनी रिकाम्या मांडणीकडे बघितलं. "ताटं तू पाठवलीस व्हय?"

मग मला उलगडलं. ताटं म्हणजे त्यांचे आरसे होते. दारातून कोण येतंय ते त्यांना त्यात दिसायचं. स्टोअरच्या भिंतीपलीकडे प्रेस मशीनं होती, दिवसभर धाडधाड. डावा कान केव्हाच गेला होता. उजवा चालला होता. डॉक्टर म्हणाले होते की दोन वर्षं, फार तर तीन.

"ऑफिसला सांगू नको," ते म्हणाले. मी मान हलवली. "आनि शिरीषला तर न्हायच." मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "नोकरी गेली तर दुसरी बघीन. वजन उचलायला कान लागत न्हाय. पन तो खेळ सगळा ऐकायचा हाय, डिस्पॅच. आठवड्यातले चार तास मी बोंबील असतो, बाकी सगळं स्टोर. कान गेला की ते टेबल गेलं."

मी दुसऱ्या दिवशी नवीन ताटं आणून मांडणीवर उभी केली. त्यांच्यासाठी एवढंच मला सुचलं.

पुढचं दीड वर्ष तो माणूस आमच्यात बसून ऐकू येण्याचं सोंग करत होता आणि कुणालाही चाहूल लागली नाही. मी जाणून होते, म्हणून मला दिसायचं. ओठ दिसावेत म्हणून ते जागा बदलून शिरीषच्या बरोबर समोर, उजेडाकडे पाठ करून बसायला लागले. मेधावहिनी बोलल्या की अन्वर हसतो, म्हणजे विनोद झाला, आपणही हसायचं. शिरीष पुढे वाकला, म्हणजे संकट. कोणी पिशवीकडे हात नेला, म्हणजे आकडा काढायचाय. पण शिरीषला नाकाखाली झुपकेदार मिशी होती. वरचा ओठ दिसायचाच नाही. त्यात तो नाटकी. भीतीचा प्रसंग आला की आवाज खाली, अगदी खाली. त्या क्षणी अंकलच्या कपाळावर घाम यायचा आणि मी त्यांना ऐकू गेलं नसेल या भीतीने शिरीषचं वाक्य उगीच मोठ्याने परत म्हणायची. शिरीष चिडायचा, "तू मध्ये कशाला बोलतेस?"

एका रविवारी सर्दीने माझा घसा बसला होता, आवाजच फुटत नव्हता. गोष्टीत एक दरी होती, तिच्यावर फळ्यांचा जुना पूल. पुलापाशी बसलेली म्हातारी काहीतरी पुटपुटते, असं म्हणून शिरीषने आवाज अगदी पोटात घेतला. "तिसरी फळी कुजलीय." अंकलनी मान डोलावली, ऐकल्यासारखी. पुढे कोण जाणार? नेहमीप्रमाणे बोंबील. त्याच्या मागे शमशेर, दोघांच्या कमरेला एकच दोर. "बोंबील पहिल्या फळीवर. दुसऱ्या. तिसऱ्या."

शिरीषने आ वासला. "तिसऱ्या?"

"तिसऱ्या," अंकल म्हणाले.

बोंबीलने निसटून काठ पकडला. शमशेरसाठी अन्वरने पिशवीतून आकडा काढला. दोन. साडेतीन वर्षं वाढवलेला जादूगार दरीत गेला. अन्वर उभाच राहिला. "अंकल, अभी तो बोला इसने! तीसरी फळी, तीसरी फळी! सुना नहीं क्या?"

"बोलला?" अंकलनी विचारलं.

तो एक शब्द त्यांनी असा विचारला की अन्वरचा राग जागच्या जागी विझला.  मी खाली बघितलं, आणि शिरीषने मला खाली बघताना बघितलं.

अंकलनी आपले आकडे पिशवीत टाकले, तिची नाडी ओढली आणि ती टेबलाच्या मध्यावर ठेवली. "न्हाय ऐकलं. बऱ्याच दिवसांपासून न्हाय ऐकत. अन्वर, माफ कर. माझ्यामुळं तुझा मानूस गेला." छत्री घेतली, आणि गेले. दारही वाजलं नाही.

"तुला माहीत होतं?" शिरीषने मला विचारलं. मी हो म्हटलं. मेधावहिनी मला वाटेल ते बोलल्या. त्या बोलत होत्या ते बरोबरच होतं. मी अंकलचं गुपित सांभाळत बसले होते, आणि त्यापायी त्यांना दर रविवारी त्या टेबलावर एकटंच राहावं लागत होतं.

आठवडाभर कारखान्यात ते माझ्याशी नेहमीसारखेच वागले. रविवारी दुपारी तीनला खुर्ची रिकामी होती. शिरीष पुस्तक उघडून बसला, पण गोष्ट सुरू करेना. अन्वर तर घरीच नव्हता. चारच्या सुमाराला खाली स्कूटर वाजली. अन्वर वर आला आणि त्याच्या मागे अंकल, जिन्यात गुडघा धरून. ज्याचा जादूगार मेला तोच पठ्ठ्या चौकला जाऊन त्यांना घेऊन आला होता. तिथे जाऊन त्याने काय सांगितलं ते अंकलनीच मला नंतर सांगितलं. त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ मोठे करून करून अन्वर म्हणाला होता, "शमशेर तो मर गया. अब आप भी नहीं आओगे तो मैं चिल्लाऊँ किसपे?"

अंकल दारातच थबकले. ते शिरीषकडे बघत होते. शिरीषने मिशी काढली होती. कॉलेजपासूनची मिशी, लग्नात वहिनींच्या आईने सांगूनही न काढलेली. त्याचा वरचा ओठ आम्ही कुणीच आधी पाहिलेला नव्हता. तो पांढरा आणि जरा लाजलेला दिसत होता.

"कसा दिसतोय?" शिरीषने एकेक अक्षर सुटं करत विचारलं.

अंकलनी त्याचा ओठ निरखून बघितला. मग म्हणाले, "ऐकू येतोय." आणि येऊन आपल्या खुर्चीत बसले. मेधावहिनी चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मला तर तिथेच रडू आलं.

आम्हाला वाटलं, आता सगळं लिहून दाखवू. वहिनींनी पाटी-पेन्सिल आणूनही ठेवली होती. अंकलनी पाटी बाजूला सारली. त्यांची एक अट होती. "माझ्या कानाला जे न्हाय, ते बोंबीलच्या कानाला न्हाय. त्याला चाहुलीचा आकडा देऊ नका."

शिरीषने समजावलं, की अहो, खेळाडू वेगळा, पात्र वेगळं. तुमचा गुडघा दुखतो म्हणून बोंबील लंगडतो का? अंकल ऐकेनात. "त्याला ऐकू येतं असं मी बोललो तर ती परत लबाडी. दीड वरीस केली. पुरे." नियमाप्रमाणे याचा अर्थ सरळ होता. ज्याला चाहुलीचा आकडा नाही त्याला दर वेळी धप्पा. जगातला सगळ्यात सावध चोर आता दर लढाईत डोक्यावर हात ठेवून बसणार. आम्हाला वाटलं, बोंबील संपला.

पहिले दोन रविवार तसंच झालं. ते निमूट डोक्यावर हात ठेवून बसले. तिसऱ्या रविवारी आम्ही गोष्टीतल्या एका पडक्या देवळाच्या तळघरात होतो. मागून मारेकरी येणार होते, हे फक्त शिरीषला माहीत. त्याने आम्हाला चाहुलीचे आकडे काढायला लावले. मी चार, वहिनी सहा, अन्वरचा नवीन जादूगार तीन. मारेकऱ्यांसाठी शिरीषने काढला एकोणीस. त्याचा चेहरा फुलला, हात वर गेला, आता तो "धप्पा" म्हणणार.

"थांब," अंकल म्हणाले. "दिवा कुनाच्या हातात हाय?"

"मेधाच्या."

"ज्योत सरळ हाय?"

शिरीषचा हात वरच राहिला. त्याने आपल्या कागदाकडे बघितलं. कागदावर त्याने लिहिलं होतं की मारेकरी उजवीकडचं चोरदार उघडून येतात. दार उघडलं तर वारा येणार. वारा आला तर ज्योत हलणार. आणि शिरीष काही झालं तरी खोटं सांगणाऱ्यातला नव्हता.

"...डावीकडं झुकलीय," तो म्हणाला.

"मग उजवीकडचं दार उघडलं. बोंबील तिकडं वळला. सगळ्यांना खाली बसायची खूण केली."

 शिरीषने हळूच पुस्तक मिटलं, आणि वर राहिलेला तो हात आपल्याच डोक्यावर ठेवला. मास्टरला धप्पा बसला होता. आमच्या टेबलावर हे त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर जे बघितलं ते मी कसं सांगू? कान असलेले आम्ही तिघं आकडे काढत बसायचो, आणि हा माणूस विचारत बसायचा. धुळीत पाऊल कुठल्या बाजूला तोंड करून आहे? दारातलं कोळिष्टक तुटलेलं आहे का? पाण्यावर तरंग कुठून सुरू होतात? कावळे झाडावर बसलेत की वर फिरतायत? शिरीषला प्रत्येक गोष्ट आधी डोळ्यांसमोर आणून मग बोलावी लागायची. त्याची गोष्ट त्या वर्षात जशी रंगली तशी आधी कधीच रंगली नव्हती. मी कामावरून घरी येताना रिक्षात बसून भोवतालचं बघायला लागले, ते तेव्हापासून. मला त्या माणसाबद्दल जे वाटायचं त्याला आदर म्हणणं कमी पडेल. त्यांच्या शेजारी बसलं की आपण अर्धेच जागे आहोत असं वाटायचं.

पुढे शिरीषची बदली नागपूरला झाली. अन्वर दुबईला गेला. मी लग्न होऊन ठाण्याला आले आणि कारखाना सुटला. शेवटच्या रविवारी अंकलनी सगळ्यांना सुके बोंबील दिले, वहिनींना जास्त. पुढे काय, हा विषय कुणीच काढला नाही. मला मात्र रात्रंदिवस तेच खात होतं. त्या माणसाचं आठवड्यातलं एकमेव टेबल उठलं होतं. उजवा कानही आता पार गेला होता. फोन करायची सोय नव्हती, त्यांच्या भावाकडे केला तर निरोप मिळायचा की बरा आहे.

वर्षभराने एका रविवारी मी न सांगता चौकला गेले. दारात त्यांची बायको, अॅग्नेस आंटी, कोलंबी सोलत बसली होती. मी विचारलं, कसे आहेत? तिने सुरीनेच किनाऱ्याकडे खूण केली. "कसा असंल? बसलाय तिकडं पाच म्हाताऱ्यांना घेऊन. घरी जेवायला बोलवायला मला चालत जायला लागतं."

होड्या ओढून ठेवल्या होत्या, त्यांच्या सावलीत पाच माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, पास्कल अंकल. ते बोलत होते. एका बेटाबद्दल, बेटावरच्या किल्ल्याबद्दल. पुस्तक नव्हतं, आकड्यांची पिशवी नव्हती. त्यांचं बोलणं थांबलं की ते एकेका चेहऱ्याकडे बघायचे, आणि ज्याच्याकडे बघतील तोच बोलायचा, तोंड वर करून, सावकाश, आपला माणूस आता काय करतो ते. उभ्या आयुष्यात एकमेकांना वाक्य पुरं करू दिलं नसेल अशी ती माणसं. आता चौघं गप्प बसून पाचव्याच्या पाळीची वाट बघत होते, आणि गोष्ट सांगत होता तो त्यांच्यातला एकमेव ठार बहिरा माणूस.

मी तिथेच थांबले. हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि मागून जाऊन हात लावणं माझ्याच्याने झालं नसतं. तेवढ्यात एका म्हाताऱ्याची नजर माझ्यावर गेली, मग दुसऱ्याची. पाचही जण माझ्याकडे बघायला लागले. अंकलनी त्यांचे डोळे बघितले. वळले नाहीत. फक्त एक हात मागे करून, तळवा खाली दाबून, शेजारची वाळू दाखवली.

मी जाऊन त्यांच्या बाजूला टेकले आणि हसून काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"बस, डिस्पॅच," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन बोलू नको. तू अजून गोष्टीत आली न्हायस."